चार बोटं उंच

जगदेवराव मोहित्यांची नोकरी चार बोटांपायी अडली होती. ग्वाल्हेर आणि इंदूर ही संस्थानं मध्यभारतात विलीन झाली आणि दोन्हीकडचे नोकर एकाच खुर्चीवर डोळा ठेवून बसले. ग्वाल्हेरजवळ तिघऱ्याच्या तलावावर नावांचा, म्हणजे होड्यांचा, दारोगा आता एकच राहणार होता. ग्वाल्हेरचे जगदेवराव, नाहीतर इंदूरचा श्रीपाद; नवे साहेब नावेत बसून परीक्षा घेणार आणि मग ठरवणार होते. त्यात एकोपा दाखवायचा म्हणून सरकारनं नाव ग्वाल्हेरची घेतली आणि मोटर इंदूरची. मोटरीचा दांडा आखूड, नावेची मागची फळी उंच. फळीवर मोटर अडकवली की पंखा निम्मा पाण्याबाहेर राहायचा आणि नुसते शिंतोडे उडवायचा.

"चार बोटं फळी कापून टाका की," श्रीपाद म्हणाला. "घटकाभराचं काम."

"दरबारच्या नावेला करवत लावू? राजचिन्ह कोरलंय त्या फळीवर!"

"दरबार राहिला कुठं, जगदेवराव?"

हे खरं होतं, म्हणून फार झोंबलं. जगदेवरावांनी वेगळीच युक्ती काढली. मागे वजन टाकलं की नाव मागून दबते आणि पंखा आपोआप बुडतो. वाळूची पोती साहेबांपुढे बरी दिसली नसती, म्हणून त्यांनी मेहुणे रघुनाथराव आणि साडू कान्होजी यांना मागे बसवलं. दोघंही एकेकाळी दरबारच्या पागेत होते. घोडे गेले, भूक तेवढी राहिली. तालीम झकास झाली.

"फक्त बसायचं. बिलकुल हलायचं नाही," जगदेवरावांनी बजावलं.

"इतकी वर्षं दुसरं काय केलं आम्ही?" कान्होजी म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी श्रीपादनं मोटर सुरू केली. नव्या सरकारचे साहेब पुढून नावेत चढले, नाव काठापासून सुटली आणि दोघांची जन्माची सवय उसळून आली. हुजूर आल्यावर बसून कसं राहायचं? दोघं उठले, पुढे आले आणि कमरेत वाकून साहेबांना मुजरे घालू लागले. नावेचं नाक खाली गेलं, शेपूट वर आलं. पंखा हवेत फिरू लागला, मोटर किंचाळली आणि पाणी साहेबांच्या बुटांत शिरलं.

"ये क्या हो रहा है?"

"रघुनाथराव, मागं पळा! जल्दी करा!"

"हुजुरांना पाठ कशी दाखवू, जगदेवराव?"

पाठ न दाखवता, पावलापावलाला मुजरा करत दोघं मागे सरकू लागले. ते अर्ध्यावर पोचेतो पाणी साहेबांच्या गुडघ्याला लागलं. शेवटी श्रीपादनं मोटर बंद करून वल्ह्यानं नाव काठाला आणली.

काठावर मोजे पिळत साहेबांनी श्रीपादला दारोगा केलं. मग जगदेवरावांकडे वळले.

"वो झुकने वाला सलाम आपको भी आता है?"

"जी, हुजूर."

'हुजूर' ऐकून साहेबांचा चेहरा फुलला. आणि म्हणे हे राजे घालवायला निघाले होते! "तो आप गेस्ट हाउस के दरवाज़े पर रहिए. मेहमानों को अच्छा लगेगा."

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी जगदेवरावांची बायको सुनंदाबाई दारातच उभ्या होत्या. "राहिली का नोकरी?"

"राहिली," जगदेवराव म्हणाले. "तुझ्या रघुनाथदादांनाही निरोप धाड. दाराच्या दुसऱ्या बाजूलाही माणूस हवाय."