इस्माईलभाई वर बघतात

इस्माईलभाई सोलकर कुठल्याही खोलीत शिरले की आधी वर बघायचे. समोरचा सलाम करतोय, चहा पुढे करतोय, तिकडे लक्षच नाही. छत, पंखा, ट्यूबलाइट, भिंतीवरची फळी, सगळ्यांची हजेरी घेऊन झाली की खुर्चीची पाठ धरून दोनदा हलवायची आणि मग बसायचं. सौदीत ताइफच्या बाजारात एकदा मी त्यांच्याबरोबर न्हाव्याकडे गेलो होतो. आरशाचा खिळा ओढून बघितल्याशिवाय त्यांनी गालाला साबण लावू दिला नाही. न्हावी हातात ब्रश धरून ताटकळत उभा.

"वर काय हाय ता आधी बघ, सावंत," ते मला म्हणाले, "खालचं मागाहून."

इस्माईलभाई दाभोळच्या खाडीकाठचे, खलाशांच्या घरातले. आमच्या कंपनीत ते रिगर फोरमन होते; म्हणजे क्रेनला माल कसा बांधायचा, कधी उचलायचा, कुठे उतरवायचा, हे सगळं त्यांच्या हुकमाने. मी टाइमकीपर. तेलाच्या जोरावर त्या देशाने तेव्हा सगळंच एकदम बांधायला काढलं होतं, आणि आम्ही ताइफबाहेरच्या डोंगरात पाण्याच्या टाक्या बांधत होतो. सौदीत थंडी असते हे आम्हा कोकणातल्या लोकांना कोणी सांगितलंच नव्हतं. डिसेंबरात सगळा कॅम्प माकडटोप्या घालून फिरायचा.

त्या थंडीतून हिवाळी क्लब निघाला. काढला मॅकसाहेबाने. हा आमचा साइट इंजिनीअर, स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा छोट्या गावचा. त्याच्या गावात म्हणे हिवाळ्यात दुपारी साडेतीनला अंधार पडतो, आणि लोक रोज कुठल्या ना कुठल्या क्लबाच्या मीटिंगला जाऊन बसतात. कोणी विणकामाच्या, कोणी बागकामाच्या, कोणी नुसत्याच. "नाहीतर माणूस भिंतीशी बोलायला लागतो," तो म्हणायचा. म्हणून दर मंगळवारी ड्यूटी सुटल्यावर मेस हॉलमध्ये मीटिंग. चहा, बिस्किटं, रीतसर विषयपत्रिका, आणि इंग्रजीत मिनिट्स लिहायला मी.

शेवटचा विषय नेहमी 'आयत्या वेळचे विषय'. तो आला की सगळा हॉल कण्हायचा, कारण इस्माईलभाईंचा हात वर झालेला असायचा. माझ्या मिनिट्समध्ये अजून असेल: 'श्री. सोलकर यांनी पंख्याचा प्रश्न पुन्हा उपस्थित केला. पंखा थंडीत बंद असतो, असे अध्यक्षांनी सांगितले. बंद पंखाही पडतो, असे श्री. सोलकर म्हणाले.'

जानेवारीत क्लबाचा मोठा मेळावा ठरला. शुक्रवारची दुपार, गाणी, नकला, पोरांच्या शर्यती. ताइफ शहरातली आपली कुटुंबंही येणार होती, आणि खुद्द शेख येणार होते. शेख म्हणजे आमचे कफील, जामीनदार मालक. आम्हा सगळ्यांचे इकामे, म्हणजे तिथे राहायचे परवाने, त्यांच्या नावावर. मेस हॉल पुरणार नाही म्हणून मैदानात मोठा शामियाना उभारला. आत गालिचे, बायकांच्या बाजूला पडदा, मॅकसाहेबाने स्वतः रंगवलेला बोर्ड.

तीन वाजता इस्माईलभाई आले. त्यांनी वर बघितलं. मग शामियान्याला बाहेरून एक फेरी घातली आणि उत्तरेकडच्या एका खुंट्यापाशी थांबून पायाने माती दाबली. भुसभुशीत भराव होता.

"हा खुंटा धरणार नाय," ते म्हणाले. "वारा वाढला तर सगळा तंबू लोकांच्या डोक्यावर. काढून दुसरीकडे ठोकायला दोन तास लागतील."

"चार वाजता शेख येतायत!" कॅम्प बॉस किंचाळला. कॅम्पमधलं राहणं-खाणं, रजा, शिस्त, सगळं याच्या हातात.

"येऊ देत. आत नको सोडूस."

आणि ते शामियान्याच्या दारात आडवे हात करून उभे राहिले.

सुरुवातीला लोक हसले. साडेतीन झाले, शहरातून दोन बसगाड्या आल्या, बायका-पोरं उतरली. वारा बोचत होता. तीनशे माणसं मैदानात कुडकुडत उभी आणि दारात हा पाच फुटी माणूस. कोणीतरी शिवी दिली. क्रेनवाल्या दोघांनी त्यांना उचलून बाजूला ठेवायची तयारी केली, पण ते त्यांचेच शागीर्द. जवळ गेले आणि थबकले. मॅकसाहेब लालबुंद झाला होता. तो खुंटा त्याच्यासमोर ठोकलेला होता.

कॅम्प बॉसने माझा दंड धरला. "तुझ्या भाषेत सांग त्याला. पाच मिनिटांत हटला नाही तर एक्झिट. इकामा खलास, घरी."

मी जवळ गेलो. "इस्माईलभाई, हा खरंच पाठवेल तुम्हाला. ऐका माझं. तुम्ही सांगितलंत ना, तुमचं काम झालं."

"सांगून काम होत नाय, सावंत." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ओठ पांढरे पडले होते. "पाठव म्हणावं. पण आज आत कोणाला सोडणार नाय."

तेवढ्यात शेखांची गाडी आली. म्हातारा माणूस, काठी टेकत उतरला. कॅम्प बॉस धावत पुढे गेला आणि हातवारे करून सांगू लागला. शेखांनी त्याला थांबवलं आणि सरळ इस्माईलभाईंकडे बघितलं.

इस्माईलभाईंचं अरबी दहा-बारा शब्दांचं. त्यांनी बोट वर केलं. "फोग, शेख. फोग मुश्किल." वर. वर अडचण आहे.

शेखांनी मान वर केली. बराच वेळ कापडाकडे बघितलं. मग काठीने जमिनीवर ठोकलं आणि म्हणाले, "यल्ला, बर्रा." चला, बाहेर.

गालिचे बाहेर आले. आणि तो मेळावा आमच्या कॅम्पातला सगळ्यात वाईट मेळावा झाला. पेटी वाजवणाऱ्याची बोटं आखडली. चहा कपात ओतेपर्यंत गार. नकला करणाऱ्याचे दात वाजत होते, त्यामुळे सगळ्या नकला एकाच माणसाच्या वाटत होत्या. संध्याकाळी वारा वाढला, चांगला वाढला. आम्ही सगळे कार्यक्रम सोडून शामियान्याकडे बघत होतो.

तो हलला नाही. दुसऱ्या दिवशी उतरवताना तो उत्तरेचा खुंटा उपटायला आठ माणसं लागली. वरची माती भुसभुशीत होती. खाली तो खडकात गच्च बसला होता.

मंगळवारच्या मीटिंगला बसायला जागा नव्हती. कॅम्प बॉसने इस्माईलभाईंना लेखी ताकीद दिली होती; पुढचं वर्ष मिळणार की नाही ते शेखांवर. वर क्लबात त्यांच्याविरुद्ध नापसंतीचा ठराव. मॅकसाहेबाने तो पडलेल्या आवाजात वाचला आणि विचारलं, "मिस्टर सोलकर, काही म्हणायचंय?"

इस्माईलभाई उठले. "मी चुकलो. लिही, सावंत. इस्माईल सोलकर चुकला." आणि ते हसत होते. टोमणे मारायला आलेली माणसं त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. ठराव मताला टाकायचं कोणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिनिट्सची प्रत घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांनीच मागितली होती. 'मी चुकलो' हे वाक्य मला मराठीत दोनदा वाचायला लावलं. मग गुडघे चोळत बसले.

"चार वर्सां झाली," ते म्हणाले. "हुफूफच्या कामावर होतो. भयनीच्या नवऱ्याला मीच आणला होता कामाला. एका सकाळी माल उचलायच्या आधी मला क्रेनच्या वायररोपचा एक पदर तुटलेला दिसला. साहेबाला घाई. मी म्हटलं, उगाच किटकिट करतो म्हणतील. गप बसलो. माल वरून सुटला तेव्हा तो खाली उभा होता." त्यांनी मिनिट्सच्या कागदाकडे बोट केलं. "त्या दिवशी मी बरोबर होतो, सावंत."

त्यांनी उशाखालचं पत्रांचं पॅड काढून माझ्या हातात दिलं.

"भयनीला पत्र लिही. इथं काय झालं ता सगळं लिही. मी बोललो म्हणून लिही, आणि चुकलो म्हणून पन लिही."

चार वर्षांत बहिणीने त्यांच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नव्हतं, हे मला पत्र लिहिताना कळलं.

मध्यंतरी शेखांनी त्यांचा इकामा काही न विचारता वाढवून दिला. फेब्रुवारी संपता संपता निळं पाकीट आलं. इस्माईलभाई ते घेऊन माझ्या टाइम ऑफिसात आले, वर न बघता खुर्चीत बसले आणि पाकीट माझ्यापुढे सरकवलं. आत गावच्या मास्तरांच्या अक्षरात दोनच ओळी होत्या. सलाम होता, आणि एक प्रश्न: 'तंबूपाशी आलेली ती सगळी माणसं आपापल्या घरी गेली ना?'

मी वाचून दाखवलं. त्यांनी मान खाली घातली. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजत होता, खिडकीशी दोघेजण हजेरीकार्ड घेऊन उभे होते. मी त्यांना हातानेच थांबा म्हणून खुणावलं.

"कागद घे," इस्माईलभाई म्हणाले. "लिही तिला. सगळी घरी गेली म्हणून लिही. पोरंबाळं सगळी."