तांब्यावरच्या कुरडया

पुण्याचा दुकानदार म्हणत होता, "मेस्त्री, शीट मशीनवर कापून देतो." पण ऐकेल तर तो शलमोन कसला! "का? आमचे हात काय झडले?" म्हणाला आणि दाराएवढी अख्खी शीट एसटीच्या टपावर टाकून घोडनदीला आपल्या घरी घेऊन आला. (इथंच घसरली गाडी. एसटीची नव्हे, शलमोनची.)

शलमोन रेडिओ दुरुस्त करायचा. शीट बेकलाइटची, वरून तांब्याचा पातळ पत्रा चढवलेली. तिचा तुकडा कापून, त्यावर सर्किट कोरून, त्याला सासूबाईंसाठी ऐकायचं यंत्र करायचं होतं. दौंडच्या प्रेमाबाईंचे कान पार गेले होते; कानाशी ओरडलं तरच काय ते ऐकू यायचं. "देवळात जाते आन् पाद्रीसायबांचं तोंड हलताना बघून येते," असं त्या हसत म्हणायच्या. ईस्टरला त्यांना उपदेश ऐकवायचाच, असा शब्द त्यानं बायकोला दिला होता.

गार शीट करवतीखाली तडकते, म्हणून ती अंगणात बाजेवर उन्हात टाकून तो करवतीचं पातं आणायला बाजारात गेला. परत येतो तो काय! शीटवर कुरडयाच कुरडया. त्याची बायको कृपाबाई हातात सोऱ्या घेऊन शेवटची घालत होती.

"अगं, तांबं हाय ते! चीक कळकंल!"

"तांबं आन् एवढं हलकं? मला नका शिकवू. म्हटलं, बायकूसाठी फळी आणली एकदाची!"

"उचल आधी."

"वल्या कुरडईला हात तर लावून बघा! आईनं निवडून धाडलाय गहू."

वाळेपर्यंत शलमोन बाजेपाशी उकिडवा बसून राहिला. कुरडया निघाल्या त्या हिरव्यागार. कृपाबाईनं त्या उकिरड्यावर टाकल्या आणि म्हणाली, "आईला तुमीच सांगा आता."

चिंचेनं घासघासून शीट लख्ख झाली. मग शलमोननं बाजेवरच करवत चालवली. शीट कापली, तिच्याखाली बाजेचा सुंभही कापला, आणि शलमोन मधल्या भोकातून खाली. शीटचे तुकडे झाले. त्यातला एक, देवाची दया, कामापुरता निघाला.

ईस्टरच्या आदल्या दिवशी प्रेमाबाई आल्या. आल्या आल्या कुरडया मागितल्या. शलमोन त्यांच्या कानाशी ओरडला, "गहू किडका निघाला!" म्हातारीचा चेहरा एवढासा झाला. त्या जेवल्याही बेताच्याच. शलमोनला स्वतःची लाज वाटली. पण खरं सांगायला तोंड उघडेना.

सकाळी देवळात गर्दी. मागच्या बाकावर प्रेमाबाईंच्या कानाला यंत्र लावून शलमोन पुढं, यंत्राला जोडलेल्या माईकची वायर बघायला गेला. कृपाबाई मागोमाग आली.

"आई कालपास्नं बोलंना. काय सांगितलंत तिला?"

"गहू किडका हुता म्हणून."

"अवो! डोळं ताणून निवडला हुता तिनं!"

"हळू बोल. शीटचं सांगितलं तर इज्जत जाईल माजी. आन् तिला कुठं काय ऐकू येतंय?"

मागच्या बाकावरून हाक आली, सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशी:

"आलं! आलं ऐकू!" प्रेमाबाई उभ्या राहिल्या होत्या. डोळे भरलेले, गालभर हसू. "जावईबापू, मिशीन झ्याक हाय! आन् गहूबी माजा झ्याक हुता!"