घड्याळजींची सहाशे सीसी

रविवारी सकाळी सात वाजता घड्याळजी किकवर उभे होते. मारत नव्हते, नुसते उभे होते. दोन्ही पाय किकवर, दोन्ही हात हँडलवर, अंगातलं सगळं वजन खाली. आणि किक मात्र बोटभरसुद्धा खाली जायला तयार नव्हती.

"अहो, उतरा आता," बायको दारातून म्हणाली. "वाळत घातल्यासारखे दिसताय."

घड्याळजी म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ. वजन बावन्न किलो, तेही जेवणानंतर. त्यांचा शौक मात्र अंगाला न शोभणारा होता. डोंगरातल्या कच्च्या वाटांवर चालवायची उंच, जाड टायरांची, एकाच सिलिंडरची पाचशे सीसी मोटरसायकल त्यांनी पाळली होती. अशाच शौकिनांचं एक मंडळ होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे डोंगर चढत, आणि गेली तीन वर्षं घड्याळजी सगळ्यांत शेवटी माथ्यावर पोचत. ते पोचेपर्यंत बाकीच्यांचे डबे खाऊन, धुऊन, पिशवीत गेलेले असत.

म्हणून त्यांनी इंजिन वाढवायला घेतलं. "इंजिन म्हणजे तरी काय? मोठं घड्याळच की," असं ते लेथवाल्याला म्हणाले. लेथवाल्याने सिलिंडर कापून मोठा करून दिला. पिस्टन आणला तो फुगीर डोक्याचा, म्हणजे आतला वायू जास्त दाबला जाईल आणि जोर वाढेल. झडपा उघडणारा कॅम नवा, सिलिंडरवरचं झाकण म्हणजे हेड नवं, कार्बोरेटर दुप्पट रुंद. चार महिने घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एकेक फट मोजत होते. पाचशेची सहाशे झाली. जुन्या हेडला किक मारताना आतला दाब सोडून देणारी एक छोटी तरफ होती. नव्या हेडला तिची सोयच नव्हती. तेवढंच वजन कमी झालं म्हणून घड्याळजी खूश झाले.

"किक मारायला घरात कोणी आहे का?" लेथवाल्याने विचारलं होतं. घड्याळजींना तो विनोद वाटला.

शनिवारी संध्याकाळी शेवटचा बोल्ट आवळला आणि आज सकाळी ही अवस्था. आठ वाजता मंडळ डोंगराच्या पायथ्याशी जमणार होतं. घड्याळजींनी दम घेतला, उडी मारली आणि सगळे बावन्न किलो एकदम किकवर सोडले. किक अर्धी गेली, इंजिन एकदाच खोकलं आणि किक अशी उलटी आली, की घड्याळजी थेट कुंड्यांमध्ये बसले.

आवाज ऐकून शेजारचे पोस्टमास्तर आले. त्यांचं वजन एकशे दहा. "सरका, ही बळाची कामं आहेत," म्हणत त्यांनी पाय टाकला. किक उलटली आणि त्यांची चप्पल कौलांवर गेली. ती काढायला शिडी आणावी लागली आणि त्यात वीस मिनिटं गेली.

"उतारावरून ढकलू या," बायको म्हणाली. या घरात वेळेवर शहाणपण तिलाच सुचायचं.

तिने आणि आता चपला काढून ठेवलेल्या पोस्टमास्तरांनी ढकलत नेलं, घड्याळजींनी गिअर टाकला, क्लच सोडला आणि इंजिन धडाडलं! गल्लीतली तावदानं थरथरली. घड्याळजींच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं आनंदाचं, बरंचसं धुराचं.

"आता काही झालं तरी बंद करायची नाही," ते ओरडले.

तेवढ्यात सासूबाई फाटकातून बाहेर आल्या. हातात पिशवी, डोक्यावर लेकीचं हेल्मेट. वाटेत त्यांना त्यांच्या बहिणीकडे सोडायचं, हे कालच ठरलं होतं.

"जावईबापू, थांबवा की जरा, चढू कशी?"

"थांबवता येत नाही, आई! चालूवरच चढा!"

सासूबाई तक्रार न करता चढल्या. निघाले. मोटरसायकल अशी पळत होती, की घड्याळजींना वाटलं, आज डबा आपणच पहिल्यांदा उघडणार. दोन मैलांवर इंजिन आचके देऊ लागलं. कामासाठी टाकी रिकामी केली होती, त्यात सकाळी डबाभरच पेट्रोल ओतलेलं, आणि रुंद कार्बोरेटर ते सरबतासारखं पीत होता. घड्याळजींनी कसाबसा पंप गाठला.

"इंजिन बंद करा," पंपवाला म्हणाला.

"बंद केलं तर चालू होणार नाही हो."

"आणि चालू ठेवलं तर भरणार नाही. पाटी वाचा."

घड्याळजींनी पाटी वाचली. मागे गाड्यांची रांग लागत होती. एखाद्या जिवलगाला निरोप द्यावा तशी त्यांनी चावी फिरवली. टाकी भरली. त्यांनी किक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा किकने त्यांना मारलं.

मग रांगेतले लोकच उतरले. ट्रकवाल्याने बाह्या सरसावल्या आणि घोटा धरून खाली बसला. व्यायामशाळेत जाणारा एक तरणा गडी "मला बघू द्या" म्हणत पुढे आला आणि थोड्या वेळाने लंगडत आपल्या गाडीत जाऊन बसला. चौघांनी मिळून ढकलून पाहिलं, पण सपाट जमिनीवर मागचं चाक फिरायलाच तयार नव्हतं. नुसतं फरफटत गेलं आणि काळा पट्टा उमटला. पंपाचा मालक आला, कॉलर सैल केली, दोन किका मारल्या आणि म्हणाला, "ही गाडी नाही, हे जनावर आहे. बाहेर न्या."

आठाला दहा कमी होते. घड्याळजी फूटपाथच्या कडेला गुडघा चोळत बसले. चार महिने भिंग लावून आपण नक्की काय केलं, ते त्यांना कळेना.

"मी बघू का?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, पाय मोडेल तुमचा!"

"मारणार नाही हो. विचारून बघते नुसतं."

त्यांनी पिशवी हँडलला अडकवली आणि पायाच्या पुढच्या भागाने किक हळूच दाबली. जिथे अडली तिथे थांबल्या. जोर न करता पाय तसाच ठेवून राहिल्या. इंजिनातून हळूच एक सुस्कारा आला आणि किक केसभर पुढे सरकली. त्यांनी ती परत वर येऊ दिली आणि मग एकाच संथ, सरळ, शेवटपर्यंतच्या दाबाने खाली नेली.

इंजिन धडाडलं. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ट्रकवाला घोटा विसरून उभा राहिला.

"कसं काय, आई?"

"चाळीस वर्षं पायाचं शिलाई मशीन चालवलं मी. अडलं की जोर करायचा नाही. अडलेला घास खाली उतरू द्यायचा, मग पाय टाकायचा. तुम्ही सगळे मधूनच लाथा घालत होतात."

बहिणीच्या घरापाशी घड्याळजींनी वेग कमी केला. मागून खांद्यावर थाप पडली. "चला पुढे. डोंगरात गाडी बंद पडली तर काय करणार? बहीण काय, उद्याही तिथेच असते."

डोंगरात गाडी पाच वेळा बंद पडली आणि पाचही वेळा सासूबाई उतरल्या. हे बघून मंडळातल्या इतरांनीही आपापल्या रुसलेल्या गाड्या त्यांच्यापुढे आणल्या. त्या एकेकीचा अडलेला घास उतरवून देत गेल्या, आणि त्या सगळ्या गडबडीत घड्याळजी पुन्हा सगळ्यांत शेवटी माथ्यावर पोचले. पण या वेळी कोणी डबे उघडलेच नव्हते. सासूबाई आल्याशिवाय जेवायचं नाही, असं ठरलं होतं.

तेव्हापासून तो पहिला रविवार सासूबाईंचा झाला. त्यांनी स्वतःसाठी बूट घेतले, मंडळाने त्यांना जाकीट दिलं. चौथ्या महिन्यात लेथवाल्याने निरोप धाडला: या इंजिनाला बसेल असा बटणाचा स्टार्टर मिळालाय. पहिल्या रविवारी सकाळी घड्याळजी खोकं घेऊन घरी आले, तेव्हा सासूबाई पायरीवर बसून बुटांची नाडी बांधत होत्या.

"काय आणलंत?"

"स्टार्टर. बटण दाबलं की चालू."

"अरे वा," सासूबाई म्हणाल्या. "बरं झालं. बटण काय, कुणीही दाबेल." आणि त्यांची बोटं नाडी सोडू लागली.

घड्याळजी खोकं घेऊन मागच्या खोलीत गेले. पाच मिनिटांत बाहेर आले.

"बसत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे."

बायकोने खोकं हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. वरची चिकटपट्टी कारखान्यातून आली तशीच होती. "उघडलंच नाहीत की! मग मोजलंत कसं?"

घड्याळजींचे कान लाल झाले. "नजरेने," ते म्हणाले. "धंदाच आहे माझा."

सासूबाईंनी खोक्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. "बरोबर मोजलंत," म्हणाल्या, आणि सुटलेली नाडी पुन्हा घट्ट बांधू लागल्या.