दादासाठी लांबट टेबल

पुठ्ठ्याची एक कड उचलून भांडारपालानं आत डोकावून पाहिलं आणि तो मटकन स्टुलावर बसला. टेबल गोल होतं. थोड्या वेळानं उठून त्यानं दुसरी कड उचलून पाहिली. तिकडूनही ते गोलच होतं.

"सही करा साहेब," टेबल वर आणणाऱ्या दोन हमालांपैकी एक म्हणाला.

"मी लांबट मागितलं होतं."

"आम्हाला काय साहेब, गोल असो नाहीतर लांबट, मजले तेवढेच चढायचे."

मग परत घेऊन जा, असं भांडारपालानं फर्मावलं. त्यावर हमालांनी सांगितलं, की टेबल वर चढवायचं ठरलंय, उतरवायचं ठरलेलं नाही. हा मुद्दा भांडारपालाला तत्काळ पटला, कारण ठरलेल्याच्या बाहेर जाणं त्यालाही मंजूर नसे. पावतीवर 'लांबट ठरलं, गोल आलं, मान्य नाही' असं ठसठशीत लिहून त्यानं खाली सही ठोकली.

एका मोठ्या छापखान्याचं भांडार सांभाळण्यात त्याची उभी हयात गेली होती. मागणी एक आणि माल दुसरा, असं झालं की तो खोका उघडतसुद्धा नसे. खोक्याला लाल चिठ्ठी बांधायची, तो बाजूला काढायचा आणि ज्यानं पाठवला त्यालाच तो त्याच्या खर्चानं परत न्यायला लावायचा, ही त्याची रीत. सगळे त्याला पाठीमागे 'परतसाहेब' म्हणत आणि ते ऐकून तो मनातून सुखावत असे.

पण या खेपेला प्रकरण शाईच्या डब्याचं नव्हतं, दादाचं होतं. वडील गेल्यावर ज्यानं स्वतःचं शिक्षण सोडून बसच्या आगारात नोकरी धरली आणि धाकट्याला शिकवलं, तो दादा गेली दोन वर्षं या घराची पायरी चढला नव्हता. दोन वर्षांपूर्वी तो आला, तेव्हा नव्या घरातलं ते पहिलंच जेवण होतं. जुनं टेबल लहान, तेही भिंतीला लावलेलं, त्यामुळे दादाच्या वाट्याला फ्रिजशेजारचा कोपरा आला. भाजलेली कणसं खाणं चाललं होतं. मध्येच दादा उठला, रुमाल तोंडाला लावला आणि एक अक्षर न बोलता जिना उतरून गेला. वहिनीही ताट टाकून मागोमाग गेली. भांडारपालानं तिथेच ओळखलं, की बापाच्या जागी असलेल्या माणसाला आपण कोपऱ्यात बसवलं आणि तो डोळे पुसत गेला. दुसऱ्या दिवशी फोन करून त्यानं कोपऱ्याबद्दल माफी मागितली. दादा नुसता "हं" म्हणाला आणि तेव्हापासून बोलणं बंद झालं.

आता दोन्ही जावांनी आतल्या आत सूत जमवून दादाला रविवारी जेवायला यायला राजी केलं होतं. म्हणूनच हे टेबल. चांगलं लांबट, आणि त्याच्या टोकाला हातांची एक भारदस्त खुर्ची. दादाला त्या खुर्चीत बसवायचं म्हणजे तोंडानं काही बोलावं लागणार नाही, असा बेत होता. गोल टेबलाला टोक आणणार कुठून?

भांडारपालानं दुकानात फोन लावला. विक्रेता आधी म्हणाला, हल्ली गोलच चालतं. मग म्हणाला, तुम्हीच गोल म्हणाला असाल. शेवटी मालक फोनवर आले. ठरल्यापेक्षा वेगळी वस्तू आली तर ती ठेवून घ्यायला गिऱ्हाईक बांधलेलं नसतं, ती परत न्यायची जबाबदारी तुमची, आणि टाळाटाळ केलीत तर ग्राहक मंचाची पायरी चढायला मला काही लाज वाटणार नाही, हे सगळं भांडारपालानं एका दमात सुनावलं. मालक नरमले.

"बदलून देतो की. पण सोमवारी. आणि पॅकिंग फाडू नका हं, वापरलेलं आम्ही घेत नाही."

"रविवारचं जेवण उरकू या ना त्यावर," बायको म्हणाली. "टेबल काय जाऊन सांगणारे त्यांना?"

"वापरलं म्हणजे स्वीकारलं," भांडारपाल म्हणाला. त्यानं पिशवीतून लाल चिठ्ठ्या काढल्या आणि टेबलाला एक आणि त्याच्यासोबत प्लास्टिकात गुंडाळून आलेल्या प्रत्येक खुर्चीला एक अशा बांधून टाकल्या. 'नाकारलेला माल. हात लावू नये.'

जुनं टेबल बायकोनं तळमजल्यावरच्या शिंप्याला देऊन टाकलं होतं. ते एका दिवसापुरतं मागायला भांडारपाल खाली गेला, तर शिंप्यानं टेबलाला भोकं पाडून त्यावर मशीन पक्कं बसवलेलं. हवं तर मशीनसकट न्या, असं तो म्हणाला. शेवटी भांडारपालानं आपलं लिहायचं टेबल आणि बायकोचं इस्त्रीचं टेबल जोडून वर चादर अंथरली. एका बाजूला बसणाऱ्याची हनुवटी ताटाला लागत होती आणि दुसऱ्या बाजूला बसणाऱ्याला ताटात वाकून बघावं लागत होतं. बायकोनं कपाळाला हात लावला.

"दोन वर्षांनी येतायत ते, आणि इस्त्रीच्या टेबलावर जेवणार?"

"काय करू मग? सोमवारी दुकानदारासमोर खोटा पडू?"

रविवारी दादा आला. गुडघा दुखावलेला, त्यात इतके जिने, त्यामुळे दारातून आत येताच समोर जी पहिली खुर्ची दिसली तिच्यात त्यानं अंग टाकलं. प्लास्टिक कर्रर्र वाजलं आणि खांद्याजवळ फाटत गेलं. ऊठ म्हणावं तर दादाला पुन्हा एकदा जागेवरून दुखावल्यासारखं होणार, आणि न म्हणावं तर माल वापरला गेला. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी भांडारपालाची गत झाली.

तेवढ्यात खुर्चीच्या हाताला लोंबणारी चिठ्ठी दादाच्या बोटांना लागली. त्यानं चष्मा चढवला आणि सावकाश वाचलं.

"नाकारलेला माल," दादा म्हणाला. "हे मला बसवायच्या जागी बांधलंस होय रे, धाकट्या?"

वहिनीनं पर्स उचलली. भांडारपालाची बायको नवऱ्याकडे अशी बघत होती, की आता बोलला नाही तर पुढे कधीच बोलायची गरज पडू नये. मग तो बोलला. लांबट टेबल, टोकाची खुर्ची, हमाल, पॅकिंग, शिंपी, सगळं त्यानं उलटसुलट सांगून टाकलं.

"तुला त्या दिवशी कोपऱ्यात बसवलं, दादा. ते मला अजून खातंय. म्हणून हे सगळं."

दादानं गुडघा चोळला. मग वहिनीला म्हणाला, "सांगू का याला?"

"मी किती दिवस सांगतेय, सांगा म्हणून," वहिनी म्हणाली.

"अरे, त्या दिवशी माझी नवी कवळी कणसात अडकली. अख्खी बाहेर आली. रुमालात कणीस आणि कवळी दोन्ही घेऊन पळालो मी. तोंड उघडून सांगणार कसं?"

"मग दोन वर्षं आला का नाहीस?"

"तुझा फोन आला ना माफीचा," दादा म्हणाला. "तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला कोपऱ्यात बसवलं होतं. मग राग आला."

भांडारपालाला हसू आवरेना आणि त्याचे डोळेही भरून आले. त्यानं स्वतःच्या हातानं उरलेलं प्लास्टिक टराटरा फाडलं. चौघं गोल टेबलाभोवती पोटभर जेवली. जेवताना त्याच्या मनात आलं, की राहू दे हे टेबल, आपल्याला हक्क बजावायचाच नाही.

पण ताटं उचलेपर्यंत दुकानाच्या मालकांचा फोन आला, उद्या गाडी पाठवतोय, पॅकिंग शाबूत आहे ना? भांडारपाल चाचरत 'त्याचं असं झालं' म्हणेपर्यंत दादानं फोन काढून घेतला. आयुष्यभर आगारात ओरडून गाड्या सोडलेला आवाज तो.

"मी याचा थोरला भाऊ. पॅकिंग फाडलंय आम्ही. माल तपासायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे का नाही? ... कसं म्हणजे? जेवून तपासलं. चौघांनी. ... ते काही नाही, माझ्या भावानं लांबट मागितलंय, त्याला लांबटच मिळालं पाहिजे."

भांडारपाल शेजारून त्याची बाही ओढत होता, पण थोरल्यानं एकदा बाजू घेतली की धाकट्याचं कोण ऐकतो?

सोमवारी गोल टेबल गेलं आणि लांबट आलं. पुढच्या रविवारी दादा जेवायला आला, तेव्हा भांडारपालानं टोकाची खुर्ची फडक्यानं पुसून मागे ओढून धरली. दादानं त्या खुर्चीकडे पाहिलं, टेबलाखाली वाकून टोकाजवळची आडवी फळी पाहिली आणि एक साधी खुर्ची सरकवत फ्रिजशेजारच्या कोपऱ्यात नेली.

"इथं बरं," पाय लांब करत तो म्हणाला. "गुडघ्याला जागा मिळते."