स्टेशनांवर तापणारे प्लग

सुकदेवआप्पा डिझेल इंजिनाचे हीटर प्लग रेल्वे स्टेशनांवर तपासत असे. म्हणजे तो बसलेला असे सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या नाक्यावर, आपल्या पत्र्याच्या गॅरेजात. स्टेशनं फक्त तोंडात असत.

थंडीत डिझेल गाडी सुरू व्हायची तर आधी हे प्लग तापून इंजिनाला ऊब द्यावी लागते. माझी जुनी जीप तर ऊब मिळाल्याशिवाय हलतच नसे. मी उधन्याच्या मराठी शाळेतला मास्तर. जानेवारी आला की सातवीचा वर्ग प्रार्थनेआधी माझी जीप शाळेपर्यंत ढकलत आणत असे. म्हणून आप्पाशी ओळख झाली.

आप्पा प्लग पकडीत धरून बॅटरीला टेकवी, वरून वायर लावी आणि डोळे अर्धे मिटून सुरू करी, "उधना... चलथान... बारडोली..." प्रत्येक स्टेशनावर गाडी नीट थांबे. व्यारा गेलं, नवापूर आलं आणि प्लगचा शेंडा लालभडक झाला, की प्लग पास. नंदुरबारपर्यंत रेंगाळला तर "म्हातारा झाला." काहीच झालं नाही तर "हा उधन्यालाच बसून आहे, तिकीटच काढलं नाही यानं!" आणि प्लग भंगारात.

दोंडाईचा आलं की मात्र तो झटक्यात वायर काढी. त्याच्या पुढे कधीही नाही. "पुढे गेलं की प्लग जळतो."

"अरे आप्पा, घडियाळ जुओ ने!" जयंतीभाई टेम्पोवाले वैतागत.

घड्याळ होतं. भिंतीवर खिळ्याला टांगलेलं, सोनेरी पट्ट्याचं, बंद. आप्पा त्याच्याकडे बघतही नसे. "घड्याळ फसवतं शेठ. रेल्वे नाही फसवत."

"तापी लाईनची गाडी? ती तर रोज दोन तास लेट!"

"तुमची असेल. माझी टायमावर आहे."

एकदा जयंतीभाई हटून बसले, की मधलं मढी स्टेशनही घ्या, माझी सासुरवाडी आहे. आप्पाने मढीला थांबा दिला. नेमका तो प्लग अशक्त निघाला आणि फट्‌कन गेला. "बघा!" आप्पा गरजला. "एका जावयापायी सगळी गाडी खोळंबली!" जयंतीभाईंनी मुकाट्याने नवा प्लग आणला.

प्लग बसवताना मात्र हा माणूस एकदम मवाळ होई. भोकातली काजळी खरवडायची, प्लग आधी बोटांनी फिरवायचा, पान्याचा हात अगदी शेवटी. "जोर केला की आटे जातात मास्तर," तो म्हणे. "मग काही बसत नाही."

एका जानेवारीत माझ्या जीपचे चारही प्लग बदलून झाले आणि आप्पाने एक पत्र माझ्यापुढे धरलं. "वाचा. चष्मा सापडत नाही." चष्मा त्याच्या कपाळावर होता. मी वाचलं. दोंडाईचानंतरच्या स्टेशनाहून, शिंदखेड्याहून, बहिणीने कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं: "भाऊ, डोळे अधू झाले. तोंड दिसतंय तवर ये. गाडी लोटाले मानसे तयार शेतस."

"माणसं कशाला?" मी विचारलं.

आप्पाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. नऊ वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नात मेव्हण्याने ते त्याला मानाचं दिलं होतं. नवरदेवाच्या जीपला आप्पा सारथी. नवं घड्याळ सगळ्यांना दिसावं म्हणून त्याने मनगट वर धरलं, हीटरची चावी फिरवून धरली आणि फोटोवाला म्हणाला, "हलू नका!" आप्पा हलला नाही. चारही प्लग जळाले. नवरदेवाला बँडवाल्यांनी ढकलत मांडवापर्यंत नेलं. ढोल वाजवणारा एका हाताने ढकलत होता आणि दुसऱ्याने वाजवतच होता.

"मेव्हणा भर मांडवात म्हणाला, हाच का सुरतचा इंजिनेर? बहीण हसली. मी न जेवता निघालो."

"नऊ वर्षं?"

"तिनं हसायला नको होतं," आप्पा म्हणाला. "पण हसू येण्यासारखंच होतं."

मग बराच वेळ त्याने एकच पाना पुसला. "नवे प्लग आहेत. लांबची ट्रायल घ्यावी लागेल, मास्तर."

रविवारी सकाळी तो धुतलेला सदरा घालून स्टिअरिंगवर बसला. मांडीवर साड्यांच्या दुकानातली पिशवी. हीटरची चावी फिरवली. "उधना... चलथान... बारडोली..." नवापूर गेलं. नंदुरबार गेलं. दोंडाईचा आलं, आणि चावीवरचा हात हलेना.

"आप्पा, जळतील!"

"जळू दे," तो म्हणाला. "लोटायला माणसं आहेत." आणि अगदी हळू, बोटांनी आटे जुळवावेत तसं म्हणाला, "शिंदखेडा."

मग स्टार्टर मारला. जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली.

आप्पाने फडक्याने डोळे पुसले. गालांवर ग्रीसचे दोन पट्टे उमटले. "फार धूर करते तुमची जीप," तो म्हणाला.

धूर सगळा मागे, जयंतीभाईंच्या टेम्पोवर चालला होता.