लाल बटणाची बेल

बेल दुरुस्त करायला लागतं काय? कपिलच्या मते एक टेस्टर, थोडी चिकटपट्टी आणि अक्कल. टेस्टर शेजारून मागून आणला, चिकटपट्टी घरात होती, आणि अक्कल त्याच्या मोबाईलमध्ये हवी तेवढी साठवलेली होती.

"दहा मिनिटाचं काम हाय, भाभी," तो शेजारच्या जरिनाभाभींना म्हणाला. "दोन वायरी आन एक बटण. त्यात काय एवढं?"

"फ्रिजचं पण असंच म्हणाला होतास," भाभी म्हणाल्या. "अजून त्याला हात लावला की मुंग्या येतात."

कपिल सांगलीत हळदीच्या पेढीवर कॉम्प्युटर चालवायचा. वायरिंग तो व्हिडिओ बघून शिकलेला. पण आजची गोष्ट वेगळी होती. आज बेल वाजली नाही, तर त्याचे वडील, आण्णा, घर सोडून जाणार होते.

झालं होतं असं. मागच्या रविवारी थोरली बहीण दीक्षा साताऱ्याहून आली. कपिल बाजारात गेलेला. तिनं भर उन्हात बेल दाबली, कडी वाजवली, हाका मारल्या. आण्णा आत दाराकडं पाठ करून निवांत पेपर वाचत बसलेले. शेवटी जरिनाभाभी परसातनं आत शिरल्या आणि त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा दार उघडलं.

दीक्षा घामानं निथळत आत आली आणि म्हणाली, "आण्णा, पुढच्या रविवारी परत येते. बेलवर दार उघडलं तर ठीक. न्हाईतर पिशवी भरायची आन माझ्यासंगं साताऱ्याला चलायचं. दिवसभर एकटं असता. काय झालं तर कळायचं कुणाला?"

"बेलच बाद हाय," आण्णा म्हणाले.

"व्हय, बेलच बाद हाय," कपिल घाईघाईनं म्हणाला.

आण्णांनी उभी हयात माधवनगरात पावरलूमवर काढलेली. त्या खडखडाटानं त्यांच्या कानांचं काय केलं, हे तिघांनाही माहीत होतं. पण तोंडातनं काढायचं कुणी? त्यापेक्षा बेलवर ढकललेलं बरं. बेल बिचारी काय उलटून बोलतीय!

तर कपिलनं मेन स्विच पाडला आणि बटण उघडलं. आत गंज, आणि गंजावर मुंग्यांची वसाहत. त्याला इतका आनंद झाला, की त्यानं आण्णांना हाताला धरून बाहेर आणलं. "बघा आण्णा. खरंच बटण खराब हाय." आण्णांनी मुंग्यांकडं असं बघितलं, जसं काही त्यांनी कोर्टात आण्णांच्या बाजूनं साक्ष दिलीय.

नवीन बटण आणायचं, तर रविवारी दुकान बंद. मग आण्णा आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतनं एक बटण घेऊन आले. लाल, जाडजूड, अंगठ्यानं दाबून दाबून मध्ये गुळगुळीत झालेलं.

"ह्ये बसीव. माझ्या मागाचं हाय. माग भंगारात घातला तवा काढून ठेवलं. शेवटच्या दिशी ह्येच दाबून घरी आलो."

कपिलला भरून आलं. माणसाला भरून आलं की तो प्रश्न विचारत नाही. त्यानं दोन वायरी जोडल्या, बटण चौकटीत ठोकलं आणि मेन वर केला.

बेल किंचाळायला लागली. कुणी दाबलेली नसताना. मांजराच्या शेपटीवर ट्रक थांबल्यासारखी.

कपिल दाराशी पळाला आणि बटण दाबलं. बेल गप्प. सोडलं, की परत सुरू. वायरी अदलाबदल केल्या, तरी तेच. पलीकडनं जरिनाभाभी पिठाच्या हातानं आल्या. "कपिल, पाहुणे किती आलेत रे? गल्लीत मावत नाहीत का?"

"भाभी, उलटं झालंय. दाबलं की बंद हुतंय."

"मग ते बंद करायचंच बटण असेल की."

कपिलनं वाकून बटण नीट बघितलं. मागाचं लाल बटण. बंद करायचंच. चालू करायचं हिरवं कधीच भंगारात गेलेलं.

एवढ्या गोंगाटात आण्णा काय करतायत म्हणून तो आत डोकावला. आण्णा खाटेवर पडून गाढ झोपले होते. निवृत्त झाल्यापासून दुपारची झोप येत नाही म्हणणारा माणूस चक्क घोरत होता.

मेन पाडावा म्हणून कपिल स्वयंपाकघरात वळला, आणि तेवढ्यात बेल आपोआप थांबली.

आण्णा ताडकन उठून बसले. "कोण आलं?" म्हणत गेले आणि दार उघडलं. दारात दीक्षा, बटणावर बोट ठेवून, घाबरलेली.

"जय भीम, आण्णा. मी हात लावला आन काय तरी बिघडलं वाटतं."

"बिघडलं न्हाई. ये."

दीक्षाचा विश्वास बसेना. तिनं आण्णांना परत झोपायला लावलं, बाहेर जाऊन पुन्हा दाबलं. आण्णा पुन्हा हजर. मग ती त्यांच्याजवळ खाटेवर टेकली. कपिलनं मेन पाडला होता, त्यामुळं घर एकदम सुनं झालेलं.

आण्णाच बोलले. "कानात मागच बसलाय गं, पोरी. बारीक आवाज आत शिरत न्हाई. पण चालता माग थांबला की झोपेतबी कळतंय. माग थांबला म्हंजी धागा तुटला, म्हणून उठायचो न्हवं."

इतके दिवस जे बेलवर ढकललं होतं, ते आण्णांनी स्वतःच उचलून मध्ये ठेवलं होतं.

"कान तपासू या मिरजेत," दीक्षा हळूच म्हणाली. मग लक्षात येऊन तेच मोठ्यानं म्हणाली. "आन तवर इथंच ऱ्हावा."

पण दिवसभर किंचाळणारी बेल कोण ऐकणार? कपिलनं बेल काढली आणि त्याच वायरीवर जुना टेबलफॅन लावला, जाळी खडखडणारा. पाहुण्यानं बटण दाबून धरायचं, फॅन थांबतो, आण्णा येतात. थंडीतही फॅन चालूच असतो, आण्णा कानाला मफलर बांधून बसतात, आणि कपिल लोकांना सांगतो की ही नवीन टेक्नॉलॉजी आहे.

एकच घोळ राहिलाय. लाईट गेली की आण्णा दार उघडतात. बाहेर सगळी गल्ली उकाड्यानं पायऱ्यांवर येऊन बसलेली असते.

"आवं, एवढी समदी एकदम?" आण्णा म्हणतात, आणि कपिलला चहा टाकायला पाठवतात.