डोके न दुखल्याची तक्रार

मनुष्याला डोके कशासाठी दिले आहे याबद्दल विचारवंतांत मतभेद आहेत. पण ते रविवारी सकाळी दुखते याबद्दल कोणाचेही दुमत नाही. ते महाग बिअरने कमी आणि गावच्या स्वस्त बिअरने जास्त दुखते, हेही अनुभवी मंडळी शपथेवर सांगतात. (शपथ सहसा "आजपासून एक थेंबही नाही" अशी असते आणि ती शनिवार संध्याकाळपर्यंत कसोशीने पाळली जाते.)

ज्या गावाची ही हकीकत आहे तिथे बिअरचा एक कारखाना होता आणि त्यात 'जिवलग' नावाची बिअर तयार होत असे. बाटलीवर दोन गृहस्थ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असलेले चित्र होते. दोघांचेही डोळे घट्ट मिटलेले. ते आनंदाने मिटले आहेत असे कंपनीचे म्हणणे होते. गिऱ्हाइकांचे म्हणणे वेगळे होते आणि ते ऐकून घेण्यासाठी कंपनीने एक तक्रार निवारण अधिकारी नेमला होता.

हा निवारण अधिकारी आपल्या कामात अत्यंत निष्णात होता. त्याची खोली बाटल्या धुण्याच्या विभागाला लागून होती. दिवसभर भिंतीपलीकडे हजारो बाटल्या एकमेकींवर आपटत. डोके दुखणारा मनुष्य त्या खोलीत शिरे, "तुमच्या बिअरनं" एवढे दोन शब्द बोले आणि कपाळ धरून निघून जाई. तक्रारदार निघून गेला की तक्रारीचे निवारण झाले, असा नियम असल्यामुळे निवारणाचे प्रमाण शेकडा अठ्ठ्याण्णव होते. (उरलेल्या दोघांना कमी ऐकू येत असे.) जे चिवटपणे बसून राहत त्यांना तो डोकेदुखीची कंपनीमान्य कारणे समजावून सांगे: उपाशीपोटी पिणे, पाणी न पिणे, चष्म्याचा नंबर, ऊन, सावली आणि सासुरवाडी. बिअर हे कारण या यादीत नव्हते, कारण ते सिद्ध झालेले नव्हते. आणि ते सिद्ध झालेले नव्हते, कारण ते यादीत नव्हते.

आता इथे त्या गावची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचे काही कळायचे नाही. शनिवारी संध्याकाळी 'जिवलग' पिऊन कोणी कोणाला काय बोलले, ते रविवारी सकाळी धरायचे नाही असा तिथे पक्का शिरस्ता होता. मात्र त्यासाठी बोलणाऱ्याचे डोके खरोखर दुखत असले पाहिजे. ते तपासण्याची पद्धतही साधी होती. ज्याचे मन दुखावले असेल त्याने बोलणाऱ्यासमोर फरशीवरून एक खुर्ची ओढायची. बोलणारा कळवळला, की समजायचे याला शिक्षा झाली. मग "झोपा जरा" म्हणायचे, पडदा ओढून घ्यायचा आणि विषय संपला. या सोयीमुळे गावात कोर्टकचेऱ्या कमी होत्या, संसार टिकून होते आणि लोखंडी पायांच्या खुर्च्यांना चांगली मागणी होती.

सगळे असे सुरळीत चालले असताना कारखान्याचे धाकटे मालक कुठल्याशा परिषदेला जाऊन आले. (थोरले मालक भिंतीवर हारात होते.) परिषदेत 'ग्राहकाचे समाधान' हा शब्दप्रयोग त्यांच्या कानावर पडला होता आणि तो काही केल्या डोक्यातून जात नव्हता. त्यांनी बैठक बोलावली आणि विचारले, "आपल्या बिअरनं डोकं का दुखतं?"

शेवटी तोंड उघडले ते निवारण अधिकाऱ्याच्या मेहुण्याने. प्रत्यक्ष बिअर बनवण्याचे खाते या मेहुण्याकडे होते. दिसायला आडदांड, बोलायला फटकळ, आणि बहिणीवर जीव टाकणारा.

"त्यात काय विचारायचं?" तो म्हणाला. "बिअर महिनाभर थंड टाकीत पडून राहायला हवी. आपण तिला आठवड्यात बाहेर हाकलतो. अर्धवट झोपेतून उठवलेलं पोर कसं दिवसभर किरकिर करतं? तसंच हे. तिचं कच्चेपण माणसाच्या डोक्यात जातं. आणि वर स्वस्त, म्हणून लोक एकाच्या जागी चार बाटल्या रिचवतात. मग डोकं दुखेल नाहीतर काय होईल?"

"यात सासुरवाडीचा उल्लेख आला नाही," निवारण अधिकारी म्हणाला.

"भाऊजी, तुमची सासुरवाडी म्हणजे मीच," मेहुणा म्हणाला. "बोला काय बोलायचंय ते."

मेहुण्याचे म्हणणे इतके सोपे होते की त्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही. म्हणून एक चौकशी समिती नेमण्यात आली. समितीने पहिल्याच दिवशी धडाडी दाखवली: पुराव्यात कोणी ढवळाढवळ करू नये म्हणून सगळ्या टाक्यांना सील ठोकले. नंतर समितीच्या अध्यक्षाची निवड व्हायची होती. अध्यक्ष निवडले गेले, तर समितीला बसायला खोली नव्हती. खोली मिळाली, तर तिच्यातला पंखा आवाज करत होता. पंखा दुरुस्त झाला, तोपर्यंत चौकशी नेमकी कशाची करायची याबद्दल सदस्यांत दोन तट पडले होते. या सगळ्यात महिना कधीच उलटला, आणि आत टाक्यांमध्ये बिअर शांतपणे पडून होती. कारखान्याच्या इतिहासात तिला पहिल्यांदाच पुरती झोप मिळत होती.

समितीने अखेर 'निष्कर्ष काढण्यास वाव आहे' असा निष्कर्ष काढला आणि सील उघडले. ते उघडले शनिवारी, आणि त्याच संध्याकाळी कारखान्याच्या आवारात वार्षिक स्नेहसंमेलन होते. गावातली निम्मी मंडळी आमंत्रित होती. टाकीतली बिअर थेट पेल्यांत आली. ती इतकी मऊ उतरत होती की लोक नेहमीपेक्षा जास्त प्यायले, आणि जास्त प्यायल्यामुळे नेहमीपेक्षा जास्त खरे बोलले.

संमेलनाची सुरुवात दरवर्षी निवारण अधिकाऱ्याच्या बायकोच्या गाण्याने होत असे. तिला गाण्याचे वेड होते. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, नवऱ्याचा डबा भरताना तिचे गाणे चालूच असे. लग्नापासून ती प्रत्येक गाण्यानंतर "कसं झालं?" असे विचारी, आणि लग्नापासून तो "वा!" असे म्हणत आला होता. त्या दिवशीही ती व्यासपीठावरून उतरून, घाम टिपत, हसऱ्या चेहऱ्याने त्याच्याकडे आली.

"कसं झालं?"

"खरं सांगू?" निवारण अधिकारी पेला खाली ठेवत म्हणाला. "मला तुझं गाणं आवडत नाही. लग्नाआधीपासून आवडत नाही. तू वरच्या पट्टीत गेलीस ना, की मी मनातल्या मनात बाटल्या मोजत बसतो."

तिने पदराने घाम टिपायचा तेवढा पूर्ण टिपला. तिकडे हिशेबनीस धाकट्या मालकांना सांगत होता की तुम्हाला फेस आणि बिअर यांतला फरक कळत नाही. आणि धाकटे मालक त्याच्या गळ्यात पडून कबूल करत होते की आपण घरी दुसऱ्याच कंपनीची पितो. शिंपी डॉक्टरांना, डॉक्टर हेडमास्तरांना आणि हेडमास्तर आपल्या सासूबाईंना काही ना काही खरे सांगून मोकळे होत होते. सगळे निर्धास्त होते. उद्या डोके दुखणारच होते.

रविवारी सकाळी निवारण अधिकारी जागा झाला आणि त्याला काहीतरी भयंकर घडल्याची जाणीव झाली. खिडकीतून ऊन आले होते आणि ते डोळ्यांना छान वाटत होते. बाहेर कोणाची तरी सायकल करकरत गेली आणि तो आवाजही सुसह्य होता. त्याने डोके डावीकडे वळवले, मग उजवीकडे. आत काहीही हलले नाही.

स्वयंपाकघरात बायकोने चहा पुढे ठेवला. मग तिने कोपऱ्यातली लोखंडी पायांची खुर्ची धरली आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ओढत नेली. तो बघत राहिला. तिने तीच खुर्ची पुन्हा ओढत परत आणली. हा दुसरा फेरा तिने निव्वळ मायेपोटी केला होता, हे त्याला कळले. त्याने घाईघाईने कपाळाला आठ्या घातल्या, पण तोवर खुर्ची थांबली होती.

"डोकं दुखत नाहीये ना?" तिने विचारले.

"दुखतंय की थोडं."

"कुठं?"

त्याने उजव्या बाजूला हात लावला, मग विचार बदलून डाव्या बाजूला.

"राहू दे," ती म्हणाली. "म्हणजे कालचं धरायचं."

त्या दिवसापासून तिने गाणे बंद केले. भांडली नाही, रुसली नाही, माहेरी गेली नाही. (माहेरचा मनुष्य तरीही येऊन गेला. "भाऊजी, बिअर मी बनवली होती, शब्द तुमचे होते," एवढेच बोलून, चहा न घेता.) फक्त घरात गाणे उरले नाही. नळाचे ठिबकणे ऐकू येऊ लागले, घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. जी शांतता मिळावी म्हणून निवारण अधिकारी इतकी वर्षे मनात तळमळत होता ती अखेर मिळाली, आणि घर त्याला खायला उठले. संध्याकाळी दारात बूट काढताना तो आपोआप कान देई. आतून भाजी चिरल्याचा आवाज येई आणि त्याला रडू फुटायचे बाकी राही.

कारखान्यात तर हाहाकार माजला होता. सोमवारी निवारणाच्या खोलीबाहेर रांग लागली आणि आतापर्यंत कधीच घडले नव्हते ते घडले: सगळेच तक्रारदार बसून राहिले. सगळ्यांची डोकी शाबूत होती आणि पलीकडच्या बाटल्यांचा त्यांना काही उपसर्ग होत नव्हता. निवारणाचे प्रमाण एका दिवसात शून्यावर आले.

"रात्री बोललेलं सकाळी शब्दन् शब्द आठवतंय," शिंपी टेबलावर मूठ आपटून म्हणाला. "ही बिअर आहे का साक्षीदार?"

"डॉक्टरांना मी आता दारात उभं करत नाही," हेडमास्तर म्हणाले. "आणि सासूबाई मुक्काम हलवत नाहीत."

डोके न दुखल्याच्या तक्रारी आठवडाभर येत राहिल्या. शेवटी सर्वपक्षीय शिष्टमंडळ धाकट्या मालकांना भेटले. मालकांनी फार ताणले नाही. समोरून हिशेबनीस आला की ते स्वतःच फायलीआड तोंड लपवत होते. 'जनभावनेचा आदर करून टाकीतील मुक्काम पूर्ववत करण्यात येत आहे,' असे परिपत्रक निघाले. मेहुण्याने एकदा आकांडतांडव करून पाहिले आणि मग नेहमीप्रमाणे आठवड्यात बिअर बाहेर काढली. परिपत्रक लागले त्या दिवशी बाजारात लोक एकमेकांकडे बघून पुन्हा हसू लागले.

पुढच्या शनिवारी निवारण अधिकारी बाटल्यांची पिशवी घेऊन घरी आला. त्याला बायकोशी बोलायचे होते आणि न पिता बोलायची छाती होत नव्हती. दोन बाटल्या झाल्यावर तो म्हणाला, "हे बघ. तुझ्या त्या वरच्या पट्टीबद्दल मी खोटं नाही बोलणार. पण तू गात नाहीस तर मला या घरात बसवत नाही. मला आवडो न आवडो, मला ते हवंय. तू गा. माझ्यासाठी गा."

आपल्या आयुष्यात तो इतके खरे कधीच बोलला नव्हता. बायकोचे डोळे भरून आले. मग उठून ती ओट्याशी गेली आणि पाठमोरी, अगदी हळू आवाजात, गुणगुणू लागली. निवारण अधिकाऱ्याचा आनंद गगनात मावेना. त्या आनंदात त्याने पिशवीतल्या उरलेल्या सगळ्या बाटल्या संपवल्या.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातून गाणे येत होते. चांगले मोकळ्या गळ्याचे. त्या आवाजाच्या दिशेने तो भिंतीला धरधरून गेला आणि टेबलाशी टेकला. बायको हसली. तिने चहाचा कप ठेवला, आणि त्याच्या शेजारी बसावे म्हणून खुर्ची ओढली.

"आई गं!" निवारण अधिकारी दोन्ही हातांनी डोके धरून कळवळला.

गाणे थांबले.

"दुखतंय?" तिने विचारले.

"फार."

"खरंच?"

"अगं, फुटतंय नुसतं. पण काल मी जे म्हटलं ना, ते—"

"असू दे," ती म्हणाली. तिने अगदी हळुवारपणे पडदा ओढून घेतला. "कालचं कोण धरतंय? झोपा जरा."

'जिवलग' आजही जोरात खपते आणि कंपनीच्या निवारणाचे प्रमाण पुन्हा अठ्ठ्याण्णववर स्थिरावले आहे. स्वस्त बिअरने डोके का दुखते, हे मेहुण्याने बैठकीत सांगितलेच होते. आपण तेवढे वाचून थांबला असता तरी चालले असते. पण आपण इथवर आलात, गालातल्या गालात हसत आलात, त्या अर्थी काल संध्याकाळी आपणही घरात कोणाला तरी काहीतरी मनापासून बोलला असणार. आत्ता शेजारच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती बसण्यासाठी ओढली असेल अशी आपली समजूत आहे. आपल्या कपाळाला आठी पडली की नाही, हे आपल्याला आठवणार नाही. दारातून कोणीतरी पाहून गेले आहे.